कार्डावरचा चष्मा

बाबा मेहकरऐवजी मंठ्याला पोचले त्या दिवशी फलाट मीच बदलले होते, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर बाबा सांगतात आणि त्यात माझाच सगळा दोष निघतो.

मी लोणारच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक आहे. खिडकीत बसायचं, गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहायच्या, माईकवरून सांगायचं. त्या उन्हाळ्यात दोन नंबरच्या फलाटासमोर खड्डा बुजवायचं काम निघालं. म्हणून मेहकरची गाडी तीनवर घेतली आणि काम संपल्यावर दोनवर मंठ्याची लावली. माईकवरून मी दहा वेळा सांगितलं. फळ्यावर खडूने लिहिलं.

बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. रस्त्याच्या कामावरचा त्यांचा एक जुना जोडीदार मेहकरला पायाच्या दुखण्याने घरात बसून होता. दर गुरुवारी ते त्याला भेटायला जात. दोन नंबरवर मेहकर लागते, हे त्यांना वीस वर्षं माहीत. त्या गुरुवारी दोनवर लाल गाडी उभी दिसली, ते चढले, खिडकीची जागा धरली. कंडक्टरने कुठं जायचं विचारलं तेव्हा म्हणाले, शेवटच्या थांब्याला. मेहकरच्या गाडीचा शेवटचा थांबा मेहकर. या गाडीचा मंठा. दोघांनाही त्यात काही खटकलं नाही.

परतीच्या गाडीने दुपारी आले. मी विचारलं, गाडीची पाटी वाचली नाही का?

"पाटी कायले वाचू? दोन नंबरवर मेहकर लागते," ते म्हणाले. "फलाट तू बदलवतं अन् मले काऊन बोलतं?"

मला यादी करायची सवय आहे. नवरा म्हणतो, आजार आहे. असेल. त्या संध्याकाळी मी डायरीत एक पान काढलं, वर 'बाबा: डोळे' लिहिलं आणि आठ दिवस त्यांना न सांगता नुसतं बघितलं. पहिल्या दिवशी चहा बशीच्या बाहेर ओतला. दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर फोन केला, तर माझं नाव समोर दिसत असताना कुणाचा फोन आहे ते मलाच विचारलं. चौथ्या दिवशी शेजारच्यांच्या दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्याला जयभीम घातला आणि सदरा काही बोलला नाही म्हणून घरी येऊन शेजाऱ्याच्या वागण्याबद्दल तक्रार केली.

पण यादीच्या उलट बाजूला एक गोष्ट होती आणि ती एकटी बाकी सगळ्यांना भारी पडत होती. दर रविवारी संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली की बाबा ग्रंथाचं एक पान वाचत. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की तीन महिने रोज. निळ्या कापडातलं पुस्तक उघडायचं, हात लांब करून धरायचं आणि वाचायचं. कुठे अडखळणं नाही, शब्द गिळणं नाही. त्या रविवारीही मी मागे बसून नीट ऐकलं. एक काना चुकला नाही. घरी येऊन मी डायरीत लिहिलं: जवळचं उत्तम, लांबचं नाही.

हे वाचन बाबांसाठी काय आहे, ते सांगायला पाहिजे. बाबा दुसरीतून शाळा सुटलेले. पुढे रस्त्याच्या खात्यात मैल कामगार म्हणून लागले. खड्डे भरायचे, कडेची झुडपं तोडायची, डांबराचे पिंप हलवायचे. पावसाळ्याआधी मैलाचे दगड रंगवायचं काम येई. दगड पांढरा करायचा आणि जुन्या अक्षरांवरून काळा ब्रश फिरवायचा. काय लिहितो आहोत हे सुरुवातीला कळत नसे, नुसतं गिरवायचं. गिरवता गिरवता त्यांना 'मेहकर' वाचता आलं. मग 'लोणार'. मग दोन्हींतली अक्षरं वेगळी काढून 'सुलतानपूर'च्या दगडावर ती शोधत बसले. तिशीतला माणूस असा दगडांवरून वाचायला शिकला. निवृत्तीनंतर विहारातल्या लोकांनी पुस्तक त्यांच्या हाती दिलं, तेव्हा आई म्हणाली होती की यांना पेन्शनपेक्षा हेच मोठं वाटतं. आई गेली त्यालाही आता सहा वर्षं झाली. पुस्तक तेवढं राहिलं.

मी चष्म्याचं बोलले तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत. त्यांनी अट घातली.

बाबांकडे सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड आहे. पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत, असं त्याबद्दल सगळे म्हणतात. बाबांनी ते प्लास्टिकमध्ये बंद करून घेतलं होतं आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवत. कुणी डॉक्टरचं नाव काढलं की खिशावर हात ठेवत. ते म्हणाले, "कार्डावर होत असंन तर करतो. सरकार देऊन राह्यलं अन् आपण घरचं कायले लावायचं?"

मला हे पटलं. वाजवी वाटलं. मी दुसऱ्याच दिवशी पान उलटून नवी यादी सुरू केली: कार्ड घेणारा, डोळे तपासणारा, जवळचा.

आता यासाठी माझ्याकडे जे साधन आहे ते जिल्ह्यात फार थोड्या लोकांकडे असेल. माझ्या खिडकीसमोरून दिवसभरात चारही दिशांना गाड्या जातात आणि प्रत्येकीत एक कंडक्टर असतो. कंडक्टरला प्रत्येक गावी दहा मिनिटं मिळतात. मी सगळ्यांना सांगून ठेवलं: स्थानकाजवळ चष्म्याचं दुकान दिसलं की विचारायचं, डोळे तपासता का, योजनेचं कार्ड चालतं का. परत आल्यावर उत्तर माझ्याकडे द्यायचं. मी रकाने पाडले. गाव, कुणी विचारलं, काय म्हणाले.

उत्तरं यायला लागली. मेहकरचा म्हणाला, कार्ड चालतं, पण मशीन बंद आहे. तो बँकेचं कार्ड समजला होता. चिखलीचा म्हणाला, कुठलंही कार्ड आणा, दहा टक्के कमी करतो, नाही आणलं तरी करतो. साखरखेर्ड्याला तपासणारा फक्त बाजाराच्या दिवशी येतो, औषधाच्या दुकानात खुर्ची टाकून बसतो, आणि कार्डाचं नाव काढताच खुर्ची फिरवून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. सिंदखेडराजाचा म्हणाला, शिबिर लागलं की या. कधी लागतं? लागलं की कळेल.

सगळ्यात लांबचं उत्तर नांदुऱ्याहून आलं. खामगावच्या पुढे जाणाऱ्या एका कंडक्टरने रेल्वे स्टेशनजवळच्या दुकानात विचारलं होतं. तो खिडकीशी वाकला आणि हसू दाबत म्हणाला, "मॅडम, तो म्हणते कार्ड बिमारीसाठी असते. चष्मा काही बिमारी नाही."

मी हे घरी सांगितलं. बाबांना फार आनंद झाला. "पाह्य," ते म्हणाले, "नांदुऱ्यापर्यंत खबर पोचली. मी बिमार नाही."

योजनेच्या फोन नंबरवरही मी विचारलं. तिकडची बाई चांगली होती, तिने सगळं शांतपणे सांगितलं: कार्ड दवाखान्यात भरती व्हायच्या उपचारांना, ऑपरेशनला, नुसत्या तपासणीला आणि चष्म्याला नाही. म्हणजे माझ्या यादीचा मथळाच चुकला होता. अकरा गावांची उत्तरं रकान्यांत व्यवस्थित बसली होती आणि अकराही ठिकाणी नकार. मला वाईट वाटलं ते नकारांचं नाही. आषाढ पौर्णिमेला तीन महिने राहिले होते आणि बाबा दिवसेंदिवस भिंतीच्या कडेने चालायला लागले होते.

उत्तर मिळालं ते माझ्या खिडकीखालीच.

सकाळच्या पहिल्या गाडीला एक भाजीवाली येते. तिच्या घरचा सरोवराच्या वरच्या अंगाला भाजीचा मळा आहे. मेथी-पालकाच्या जुड्यांचं गाठोडं घेऊन ती मेहकरच्या बाजाराला जाते. वर्षानुवर्षं ती खिडकीशी येऊन विचारते, "बाई, मेहकरची कोणती?" मी सांगते आणि ती जाते. एके सकाळी ती विचारायला आलीच नाही. गाठोडं घेऊन सरळ तीन नंबरवर गेली, गाडीच्या पुढे उभी राहिली, मान वर केली, पाटी वाचली आणि चढली. नाकावर चष्मा होता.

मी खिडकी सोडून गाडीपाशी गेले. चष्मा कुठून घेतला ते विचारलं.

"घेतला कायचा, देला," ती म्हणाली. "अठीसाच, लोणारात. सरकारी दवाखान्यात. मंगळवारी डोळ्याची बाई येते."

कार्ड लागलं का, विचारलं. तिने आधार कार्ड दाखवलं होतं. आणखी काही नाही.

सरकारी दवाखाना माझ्या खिडकीपासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी नांदुऱ्यापर्यंत विचारून आले होते आणि गावातल्या गावात विचारलं नव्हतं, कारण गावातल्या गावात गाडी जात नाही. यादीच्या शेवटी मी लोणार लिहिलं आणि पुढच्या रकान्यात 'मंगळवार'.

बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, कार्ड चालत नाही ना तिथं? मी म्हटलं, कार्डाची गरजच नाही, मोफत आहे. अट घरचे पैसे न घालण्याची होती, ती पूर्ण झाली. ते उठून बाहेर गेले आणि सदरा नसलेल्या दोरीकडे बघत उभे राहिले. मला तेव्हा ते नाराज आहेत एवढं कळलं. घाबरलेत हे कळलं नाही.

मंगळवारी मी दुपारची पाळी बदलून घेतली. डोळ्यांची खोली लांबट होती. एका टोकाला भिंतीवर दिव्याची पेटी, तिच्यावर अक्षरांचा तक्ता, वर मोठं एक अक्षर आणि खाली खाली लहान होत गेलेल्या ओळी. दुसऱ्या टोकाला खुर्ची. खिडकीला पडदा. बाक खोलीतच होता, त्यामुळे ज्याचा नंबर असेल तो वाचतो ते बाकावरच्या सगळ्यांना ऐकू येत होतं. तपासणाऱ्या बाई पस्तिशीच्या, बारीक आवाजाच्या, पण शिस्तीच्या. डावा डोळा झाका, वाचा. आता उजवा झाका, वाचा. पुढचे या.

आमच्या पुढे नऊ जण होते. त्यात पोलीस भरतीसाठी दाखला घ्यायला आलेली एक मुलगी होती. तिने दोन्ही डोळ्यांनी सगळा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचला. बाबा बाकावर डोळे मिटून बसले होते. ओठ हलत होते. मला वाटलं मनातल्या मनात वंदना म्हणताहेत.

बाबांचा नंबर आला. खुर्चीवर बसले, डावा डोळा तळहाताने झाकला आणि वाचायला सुरुवात केली. पहिलं अक्षर, दुसरी ओळ, तिसरी ओळ. विहारात वाचतात तसाच आवाज, तीच ठाम चाल. बाई मान हलवत कागदावर लिहीत होत्या. मी मनातल्या मनात मंठ्याचा दोष पुन्हा फलाटांवर टाकायला लागले होते.

पाचव्या ओळीला लाइट गेली. पंखा थांबला, पेटी विझली. पडद्यामुळे खोलीत अंधारच झाला. भिंतीवर पेटी आहे की नाही तेही मला दिसेना. बाबा पाचवी ओळ पूर्ण करून सहावी वाचत होते. मग सातवी. शेवटचं अक्षर म्हणून त्यांनी हात खाली घेतला आणि विचारलं, "आता दुसरा झाकू?"

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी पडदा बाजूला केला.

"बाबा, लाइट गेलेली आहे," त्या म्हणाल्या.

"हाव काय?" बाबा म्हणाले. "कवा?"

"तुम्ही पाचव्या ओळीत होते तेव्हा."

बाई त्यांच्यापासून चार हातांवर उभ्या राहिल्या, उजेडात हात वर केला आणि विचारलं, किती बोटं?

बाबांनी बराच वेळ पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "हे तुम्ही माह्या आधीच्या कोणाले विचारलं नाही."

आता सगळा बाक हसला, बाईही हसल्या, आणि नंतर बाबाही. मी हसले नाही. माझ्या डोक्यात रविवारचं पान उघडलं होतं.

लाइट आल्यावर बाईंनी बॅटरीने दोन्ही डोळे पाहिले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पूर्ण पिकलेला, डाव्यात निम्म्यावर. आत्ता चष्मा देऊन उपयोग नाही, आधी उजव्याचं ऑपरेशन. त्यांनी चिठ्ठी लिहिली, बुलढाण्याला कुठे जायचं ते सांगितलं आणि विचारलं, योजनेचं कार्ड आहे का? बाबांचा हात आपोआप खिशावर गेला.

"ते तिथं चालेल," बाई म्हणाल्या. "चष्मा मात्र मी देईन. महिना-दीड महिन्याने, डोळा बरा झाला की या."

घरी चालत येताना आम्ही रस्त्याच्या सावलीच्या बाजूने चाललो. मी विचारलं, रविवारचं पान?

"तेही," बाबा म्हणाले.

कधीपासून?

"दोन पावसाळे झाले." थोडं चालून ते थांबले. "आधी अक्षर फुटलं. मंग ओळी एकमेकींत जायला लागल्या. पण पुस्तक बारा-तेरा वर्सं वाचलं, माय, डोयात नसलं तरी डोक्यात होतं. पान उघडायचं अन् म्हणत जायचं."

मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन डायरीत लिहून ठेवलं, म्हणून जसंच्या तसं सांगता येतं.

"तुले सांगतलं असतं तर तू यादी केली असती. मंग विहारात कळलं असतं. मंग पुस्तक दुसऱ्याले देतीन. ज्याले दिसत नाही तो वाचन करू शकत नाही, बरोबरच आहे त्याईचं. म्हणून म्हटलं, कार्डावर असंन तर करू. मले वाटलं कार्डावर चष्मा कोणी देत नाही. तुले सापडत नाही."

मग म्हणाले, "मी पुस्तक उघडून खोटं बोललो. पंचशील म्हणून झालं की खोटं बोलायले बसत होतो. ते काही बरं नाही. पण पुस्तक गेलं असतं."

त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं की विहारात कुणाला सांगायचं नाही. आषाढ पौर्णिमेला ते डोळ्यांनी वाचतील, मग खोटं आपोआप संपेल. मला यात एक फट दिसत होती, पण ती काय ते सांगता येईना, म्हणून मी वचन दिलं.

त्या संध्याकाळी मी वेळापत्रक लावलं, जसं गाडीचं लावतात, पोचण्याच्या वेळेपासून उलटं. आषाढ पौर्णिमा. तिच्याआधी आठवडाभर चष्म्याची सवय. त्याआधी मंगळवार, चष्मा मिळण्याचा. त्याआधी सहा आठवडे थेंब. त्याआधी ऑपरेशन. बोट कॅलेंडरवर मागे नेत नेत मी दहा दिवसांवर येऊन थांबले. एक गाडी चुकली असती तर पुढचं सगळं चुकलं असतं.

बुलढाण्याला चिठ्ठीवरच्या दवाखान्यात एक आरोग्यमित्र बसते. योजनेचे कागद तीच पाहते. बाबांनी कार्ड दोन्ही हातांनी तिच्यासमोर ठेवलं. तिने मशीनवर अंगठा ठेवायला सांगितला. अंगठा उमटेना. आयुष्यभर खडी आणि डांबर हाताळून त्यावरच्या रेषा पुसल्या होत्या. दुसरा अंगठा, मग बोटं, एकेक. बाबा दर वेळी सदऱ्याला बोट पुसून नव्याने ठेवत आणि माझ्याकडे बघत. डाव्या हाताच्या मधल्या बोटाने एकदाची मशीन वाजली. "चाललं," आरोग्यमित्र म्हणाली. बाबांनी कार्ड परत घेतलं, पुसलं आणि खिशात ठेवलं. अकरा गावांत न चाललेलं कार्ड चाललं.

ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली तेव्हा मी त्यांच्या पलंगाच्या कडेला थेंबांचा तक्ता लिहीत होते. कोणती बाटली, दिवसातून किती वेळा, कोणत्या आठवड्यापासून कमी. बाबांनी मान वळवली, एक डोळा माझ्या कागदावर रोखला, हात लांब नेऊन तो कागद धरला आणि म्हणाले, "तुह्यं अक्षर लय खराब आहे. ओळ वर चढून राह्यली."

परतीच्या गाडीत काळा चष्मा लावून ते खिडकीशी बसले आणि रस्त्याकडेचे दगड वाचत आले. दगड रंगवणाऱ्यांना नावं ठेवत लोणारपर्यंत आले. एका दगडाला काना नव्हता, दुसऱ्यावर रंग ओघळला होता. मी एवढ्या आनंदात कधी कुणाच्या तक्रारी ऐकल्या नसतील.

थेंब वेळेवर झाले. एकही चुकला नाही, तक्ता माझ्याकडे अजून आहे. ठरलेल्या मंगळवारी बाईंनी जवळचा चष्मा दिला. काळी जाड फ्रेम, बाबांच्या चेहऱ्याला जरा मोठी. मी मागे दोरी बांधून दिली. बाईंनी एक छापील कागद हातात देऊन वाचायला सांगितला आणि कागद मुद्दाम बदलून दुसरा दिला. बाबांनी दोन्ही वाचले.

आषाढ पौर्णिमेला विहार भरला. बाबांनी निळं कापड सोडलं, चष्मा चढवला, बोट ओळीखाली ठेवलं आणि वाचायला लागले. आणि अडखळले. एकेक शब्द बघून, थांबून, पुढचा. ओळ संपली की बोट खालच्या ओळीवर न्यायचं, मग आवाज. पूर्वी पाव तासात होणाऱ्या पानाला अर्धा तास लागला. नवरा माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "नंबर चुकला का चष्म्याचा?" लोकांच्याही चेहऱ्यावर तेच होतं. दिसत नव्हतं तोवर बाबा उत्तम वाचत होते, आणि दिसायला लागल्यापासून लहान मुलासारखे.

मी त्यांना घरी म्हटलं, थोडं पाठ आहे ते म्हणा, थोडं बघा. ते म्हणाले, नाही.

असं चार आठवडे चाललं. एक दिवस ते पान आलं ज्यात उन्हातून आलेला भिक्षू एका घराशी थांबतो आणि घरातली बाई त्याला पाणी देते. बाबांनी ते वाचलं. बाईने पाणी दिले, भिक्षू प्याला, पुढे निघाला. पान संपायच्या आत पुढच्या रांगेतल्या खांबाला टेकून बसलेल्या आजीबाईंनी हात वर केला. वस्तीतल्या त्या सगळ्यांत वयस्कर. वाचनाच्या मध्ये कुणी बोलत नाही, म्हणून सगळे तिकडे बघायला लागले.

"भाऊ, ते वाक्य काऊन सोडलं?" त्यांनी विचारलं. "'आणि त्या बाईने आधी हातातले काम खाली ठेवले.' मंग पाणी देलं. दरसाल वाचता तुम्ही."

बाबांनी पुस्तकात पाहिलं. बोट वर नेलं, खाली आणलं, मागचं पान उलटलं. मला ती फट आता नीट दिसली. वाक्य पुस्तकात नव्हतं. दोन पावसाळे म्हणता म्हणता त्यात कधीतरी बाबांचं स्वतःचं वाक्य शिरलं होतं. कुणाकडून आलं ते मी कधी विचारलं नाही. बाबा रस्त्यावरून उन्हाचे घरी येत तेव्हा आई सूप खाली ठेवून उठायची, एवढं मला आठवतं.

"पुस्तकात आहे का नाही?" आजीबाई म्हणाल्या.

बाबांना 'आज राहून गेलं' म्हणता आलं असतं. मी मनातल्या मनात तेच म्हणायला सांगत होते. त्यांनी चष्मा काढून छातीवर सोडला.

"नाही," ते म्हणाले. "ते वाक्य माह्यं आहे. मांगचे दोन वर्सं मले दिसत नव्हतं. पुस्तक उघडून मी पाठ म्हणत होतो, अन् तुम्हाले वाटे वाचून राह्यलो. हे सांगाले पाहिजे होतं. पुस्तक आता तुम्ही म्हणसान त्याले देतो." आणि त्यांनी निळं कापड जवळ ओढलं.

आजीबाईंनी खांबाची टेक सोडून पाय बदलले.

"दिसत नव्हतं ते आम्हाले माहीतच होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही पान पलटवाले विसरत होते. एक पान उघडं ठेवून तीन पानं म्हणत. आम्ही कायले बोलू? बोललो असतो तर तुम्ही पुस्तक ठेवून देलं असतं, जसं आता ठेवून राह्यले." मग इतरांकडे वळून म्हणाल्या, "सांगा बे कोणी, माहीत होतं का नाही?"

दोन-तीन बायका मान खाली घालून हसल्या. पुरुषांच्या बाजूने कुणीतरी "हाव" म्हणालं.

"वाचा आता," आजीबाई म्हणाल्या. "पुस्तकात आहे ते वाचा, हळू वाचा, आम्हाले घाई नाही. अन् ते वाक्य पान झाल्यावर म्हणा. पुस्तक बंद करून म्हणा, म्हंजे ते कोणाचं आहे ते समजीन."

बाबांनी कापड पुन्हा बाजूला केलं. चष्मा चढवायला त्यांना वेळ लागला, दोरी कानात अडकली होती. मी उठून सोडवणार होते, पण नवऱ्याने माझा हात धरला. ती त्यांनीच सोडवली. बोट ओळीखाली ठेवलं, पान पूर्ण केलं, पुस्तक मिटलं, त्यावर हात ठेवला आणि आपलं एक वाक्य म्हणून झालं तेव्हा बाहेर रस्त्यावरचे दिवे लागले होते.

आता दिवाळीनंतर डाव्या डोळ्याचं करायचं आहे. चिठ्ठी आणि कार्ड एका पाकिटात घालून ठेवलं आहे, पाकिटावर लिहिलं आहे, ओळ वर चढू न देता. डायरीतल्या अकरा गावांच्या पानावर मी आडवी रेघ मारली. वर्षावासाच्या तीन महिन्यांसाठी घरातल्या वेळापत्रकात एकच बदल केला: रात्रीचं जेवण साडेआठऐवजी नऊला.